‘भरधाव’ म्हणजे ताशी किती?



अपघाताची बातमी तुम्ही वर्तमानपत्रात वाचता. तिच्यात एक शब्द हटकून असतो: भरधाव. हा शब्द बातमीदाराने शोधून काढलेला नाही. तो पोलीस ठाण्यातल्या फिर्यादीतून येतो. तिथले वाक्य आता ठरूनच गेले आहे. ‘चालकाने आपल्या ताब्यातील वाहन रहदारीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात चालवून...’ मोटारसायकल असो, एस.टी. असो की कांदा भरलेली ट्रॉली असो, वाक्य तेच. चढावर दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर भरधाव कसा जाईल, हा प्रश्न त्या वाक्याला कधी पडत नाही.

आता हेच उत्तर तुम्ही भौतिकशास्त्राच्या पेपरात लिहून पाहा. प्रश्न: गाडीचा वेग काढा. उत्तर: भरधाव. किती गुण मिळतील? नुसते एकक लिहायचे राहिले तरी आम्ही शिक्षक अर्धा गुण कापतो. इथे तर संख्याच नाही. (पुस्तकात ज्याला आपण ‘चाल’ म्हणतो त्यालाच रस्त्यावर ‘वेग’ म्हणतात. या लेखापुरते आपण रस्त्याचे ऐकू.)

माझे म्हणणे असे आहे की, ज्या अपघातात माणूस दगावला त्याच्या तपासात ‘भरधाव’ या शब्दाच्या जागी एक संख्या आली पाहिजे. ती काढण्याचे बरेचसे गणित नववी-दहावीच्या पुस्तकात आहे, आणि त्याला लागणारी सामग्री एखाद्या शाळेच्या कपाटात मावेल एवढी आहे.

आधी पोलीस काय करतात ते पाहू. आमच्या सटाण्यातून विंचूर-प्रकाशा रस्ता जातो. एका अंगाला देवळा, दुसऱ्या अंगाला ताहाराबाद. मालेगावकडचा आणि नामपूरकडचा रस्ताही इथेच मिळतो. कांद्याच्या हंगामात ट्रॅक्टरांची रांग लागते. समजा, यांपैकी एखाद्या रस्त्यावर अपघात झाला आणि ठाण्यात खबर आली. अंमलदार पोहोचतो तेव्हा त्याचे पहिले काम जखमींना दवाखान्यात पोहोचवण्याचे असते, आणि ते तसेच असायला हवे. दुसरे काम, तुंबलेली वाहतूक मोकळी करण्याचे. मग घटनास्थळाचा पंचनामा. दोन पंच बोलावायचे, रस्त्याची चतुःसीमा लिहायची, वाहने कशी पडली आहेत ते नोंदवायचे, कच्चा नकाशा काढायचा. त्यानंतर साक्षीदारांचे जबाब. वाहन ठाण्याच्या आवारात जाते. मालेगावच्या परिवहन कार्यालयातले मोटार वाहन निरीक्षक ते तपासतात आणि ब्रेक, स्टिअरिंग चालू स्थितीत होते की नाही याचा अहवाल देतात. कोणी मरण पावले असेल तर मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदन. २०२२ सालापासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावा लागतो. मद्रासच्या आय.आय.टी.ने तयार केलेल्या संगणकीय यंत्रणेत आता पोलीस मोबाईलवरूनच अपघाताचे ठिकाण आणि छायाचित्रे भरतात. म्हणजे कागद भरपूर होतो. माझी तक्रार कागदाविषयी नाही. या सगळ्या कागदांत ‘अंदाजे’ हा शब्द किती वेळा येतो, त्याविषयी आहे.

वेगाविषयीचा वाद मोटारीइतकाच जुना आहे. १८९६ च्या ऑगस्टमध्ये लंडनमध्ये ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई मोटारीखाली सापडून मरण पावली. मोटारीने पादचारी दगावल्याची ब्रिटनमधली ती पहिली नोंद मानली जाते. एक साक्षीदार म्हणाला, गाडी आगीच्या बंबासारखी येत होती. चालक म्हणाला, माझा वेग ताशी ४ मैल होता. ताशी ४ मैल म्हणजे साडेसहा किलोमीटर, झपाझप चालणाऱ्या माणसाइतका. खरे कोणाचे? एका जाणकाराने ती गाडीच तपासली. तिला ताशी साडेचार मैलांहून जास्त वेगच घेता येत नव्हता! निकाल अपघाती मृत्यूचा लागला. साक्षीदार खोटे बोलत होता असे समजू नका. त्याने मोटार क्वचितच पाहिली असेल. आजही कित्येक साक्षीदार धडकेचा आवाज ऐकून मान वळवतात, आणि धडकेआधीचा वेग मात्र खात्रीने सांगतात.

रस्त्याला मान वळवावी लागत नाही. चालकाने करकचून ब्रेक दाबला, चाके फिरायची थांबली आणि गाडी घसरत गेली, की डांबरावर टायरचे काळे पट्टे उमटतात. या पट्ट्याची लांबी टेपने मोजा. आता विचार करा. घसरण्यापूर्वी गाडीजवळ गतिज ऊर्जा होती. घसरताना घर्षणबलाविरुद्ध कार्य होऊन ती सगळी संपली. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. घर्षणबलाचे कार्य म्हणजे घर्षणगुणांक गुणिले वस्तुमान गुणिले गुरुत्वीय त्वरण गुणिले अंतर. दोन्ही बाजूंना वस्तुमान आहे, ते उडून जाते. उरते ते असे: वेगाचा वर्ग = २ × घर्षणगुणांक × गुरुत्वीय त्वरण × पट्ट्याची लांबी.

समजा, पट्टा २० मीटर आहे. कोरड्या डांबरी रस्त्याचा घर्षणगुणांक साधारण ०.७ धरू. २ × ०.७ × ९.८ × २० = २७४.४. वर्गमूळ १६.६. म्हणजे सेकंदाला १६.६ मीटर, ताशी जवळजवळ ६० किलोमीटर. झाले! ‘भरधाव’ला संख्या मिळाली.

वस्तुमान उडून गेले ही गोष्ट मुलांना पटत नाही, असा माझा अनुभव आहे. भरलेली गाडी लांब घसरणार, असेच सगळ्यांना वाटते. सूत्राप्रमाणे तसे नाही. वजन वाढले की घर्षणही त्याच प्रमाणात वाढते. मात्र ट्रकच्या टायरचे रबर वेगळे असते, हवेच्या ब्रेकला पकड घ्यायला वेळ लागतो, त्यामुळे मोटारीचे आकडे ट्रकला जसेच्या तसे लावू नयेत.

इथे तुमच्यातला एखादा हुशार विद्यार्थी विचारील, ०.७ हा आकडा आणला कुठून? शाबास. सगळी मेख तिथेच आहे. आमच्याकडे शेतातून निघालेले ट्रॅक्टर चाकांबरोबर चिखल घेऊन डांबरावर येतात. रस्त्याकडेला मुरूम पसरलेला असतो, बाजार समितीच्या आसपास कांद्याची सालपटे. तिथे घर्षणगुणांक ०.४ निघाला तर तोच २० मीटरचा पट्टा ताशी ४५ किलोमीटर सांगेल. एकच पट्टा, आणि एका उत्तरात चालक दोषी वाटतो, दुसऱ्यात नाही. म्हणून घर्षण पुस्तकातून घ्यायचे नसते, त्याच जागी, त्याच दिवशी मोजायचे असते.

मोजायचे कसे? परदेशांतले तपासणारे टायरचा एक तुकडा काँक्रीटने भरून जड करतात आणि ताणकाट्याने रस्त्यावरून सावकाश, एकसारखे ओढतात. तुकडा १० किलोचा असेल आणि काटा ७ किलो दाखवीत असेल, तर घर्षणगुणांक ०.७. बस्स, एवढेच. हा प्रयोग तुम्हीही करू शकता. एका विटेला जुन्या टायरचा तुकडा तारेने घट्ट बांधा, वजन करा, आणि शाळेच्या आवारात कोरड्या फरशीवर, ओल्या फरशीवर आणि वाळू टाकून ओढून पाहा. (रस्त्यावर जाऊन करू नका, नाहीतर तुमचाच पंचनामा व्हायचा.) विटेचे उत्तर खऱ्या गाडीला तंतोतंत लागू पडणार नाही, पण वाळूचे चार दाणे काय करू शकतात ते काटाच सांगेल.

आणि उत्तर कधीही एका आकड्यात देऊ नये. घर्षणगुणांक ०.६ ते ०.८ यांच्यामध्ये आहे एवढेच ठाऊक असेल, तर आपल्या २० मीटरच्या पट्ट्याचे उत्तर ताशी ५५ ते ६४ असे लिहावे. शिवाय हा कमीत कमी वेग आहे. पट्टा उमटायच्या आधी गाडी थोडी मंदावलेली असते. आणि पट्ट्याच्या शेवटी गाडी कशावर आदळली असेल तर आदळतानाचा वेग त्यात मिळवावा लागतो. तो मिळवतानाही सावध राहा. घसरण्याने ६० दाखवले आणि आदळण्याच्या खुणांवरून ४० निघाले तर बेरीज १०० होत नाही. वर्गांची बेरीज करायची: ३६०० अधिक १६००, वर्गमूळ ७२.

पट्टा वळलेला असेल तर गंमत आणखी वाढते. वळणावर वेग फार झाला की गाडी बाहेर सरकत जाते आणि टायर कमानीसारखी खूण सोडतात. त्या कमानीवर दोन बिंदू घेऊन दोरी ताणा, म्हणजे जीवा मिळाली. दोरीच्या मध्यापासून कमानीपर्यंतची उंची मोजा. जीवेच्या वर्गाला उंचीच्या आठपटीने भागा, त्यात उंचीचा निम्मा मिळवा, की त्रिज्या मिळते. जीवा २० मीटर आणि उंची १ मीटर असेल तर त्रिज्या ५०.५ मीटर. आता घर्षणगुणांक, गुरुत्वीय त्वरण आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घ्या. ताशी ६७ किलोमीटर. भूमितीचे ते प्रमेय पाठ करताना ते कधी फौजदारी खटल्यात उपयोगी पडेल असे कोणाला वाटले असेल?

वेगाखेरीज दुसराही एक प्रश्न असतो: धडक नेमकी कुठे झाली? ‘तो माझ्या बाजूला आला’ असे दोन्ही चालक म्हणतात. वाहने धडकेनंतर भिरभिरत कुठेही जातात, तेव्हा ती जिथे थांबली ती जागा फसवी असते. पण मडगार्डच्या आतून चिकटलेला वाळका चिखल धडकेच्या हिसक्याने खाली पडतो, तो बहुधा धडकेच्या जागेच्या जवळपासच. पट्टा सरळ जाता जाता एकदम मोडतो, तीही जागा महत्त्वाची. रात्रीच्या अपघातात ‘ट्रॉलीचा मागचा दिवा चालू होता की नाही’ हा आमच्याकडचा नेहमीचा तंटा. दिवा तारेच्या बल्बचा असेल तर त्याचे उत्तर बल्ब देतो. काच फुटताना टंगस्टनची तार तापलेली असेल, तर हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन तिच्यावर ऑक्साइडची पिवळट-पांढरी भुकटी धरते. थंड तार चकचकीतच राहते. एल.ई.डी. दिव्यांना ही परीक्षा चालत नाही. मात्र त्यासाठी फुटलेला बल्ब पुडीत बांधून ठेवावा लागतो, झाडून टाकून भागत नाही.

सांगितलेली हकीकत खुणांशी ताडून पाहण्याचे एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. टायर फुटला, असे चालकाचे म्हणणे होते. टायर फुटला असेल तर रस्त्यावर रबराचे तुकडे आणि टायरच्या खुणा सापडायला हव्यात. परिवहन अधिकाऱ्यांच्या प्राथमिक अहवालात तशा खुणा नसल्याचे नमूद झाले. प्रयोगशाळेत आपण हेच करतो ना? कल्पना खरी मानली तर काय दिसायला हवे ते ठरवायचे आणि मग पाहायला जायचे.

दुसरे उदाहरण ४ सप्टेंबर २०२२ चे. उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार पालघर जिल्ह्यात सूर्या नदीवरच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. चारोटी नाक्यावरच्या कॅमेऱ्यात गाडी दुपारी २ वाजून २१ मिनिटांनी दिसली होती आणि पुढचे २० किलोमीटर तिने ९ मिनिटांत तोडले, असे पोलिसांनी सांगितले. भागाकार करा: ताशी १३३ किलोमीटर. आता आपली सवय इथेही लावा. वेळेत एका मिनिटाची चूक असेल तर उत्तर १२० ते १५० यांच्यात कुठेही पडेल. पण त्या गाडीत वेग टिपून ठेवणारी यंत्रणा होती. कंपनीने पोलिसांना दिलेल्या अहवालाप्रमाणे अपघाताच्या काही सेकंद आधी वेग ताशी १०० होता, ब्रेक दाबला गेला आणि आदळताना तो ८९ होता. मागच्या आसनावर बसलेल्यांनी पट्टे लावले नव्हते. खरगपूरच्या आय.आय.टी.च्या साहाय्याने झालेल्या पाहणीत पुलाचा कठडा रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यात पुढे आलेला आढळला. पाहा, एका अपघाताची किती कारणे हाती आली! तपास ‘भरधाव’ या शब्दाशी थांबला असता तर कठड्याकडे कोण पाहणार होते?

मला सर्वांत अधिक खटकते ते हेच. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली, आणि त्यांतल्या ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदले गेले. वेग हे मोठे कारण आहे यात शंका नाही. वेगाचा वर्ग सूत्रात आहे, तो काही उगाच नाही. पण ही टक्केवारी ठाण्या-ठाण्यांत भरलेल्या नोंदींची बेरीज आहे. त्यांतल्या किती जागी कोणी टेप लावली होती? जिथे लावली नाही तिथे वळणाचा चुकीचा उतार, साइडपट्टीचा खड्डा, अंधारातली बिनदिव्याची ट्रॉली ही कारणे ‘अतिवेग’ या एका रकान्यात बुडून जातात, आणि पुढच्या वर्षी त्याच वळणावर आणखी कोणी मरतो.

न्यायालयालाही हा शब्द पुरत नाही. कर्नाटकात एक ट्रक उलटून माणसे दगावली होती. साक्षीदारांनी वेग ‘फार’ होता एवढेच सांगितले. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की जास्त वेग ही सापेक्ष गोष्ट आहे, त्या परिस्थितीत जास्त म्हणजे किती हे सरकार पक्षाने पुराव्याने दाखवायला हवे. नुसत्या वेगावरून निष्काळजीपणा ठरत नाही. चालकाची सुटका कायम राहिली. तो चालक दोषी होता की नव्हता हे मला ठाऊक नाही. मोजमाप नसले की दोषी सुटू शकतो, तसाच निर्दोषही अडकू शकतो. नुकसानभरपाईतही तेच. मेलेल्या माणसाचीच निम्मी चूक होती असे ठरले तर त्याच्या घरच्यांना मिळणारी रक्कम निम्मी होते. धडक रस्त्याच्या मध्यरेषेच्या अलीकडे झाली की पलीकडे, या दोन-तीन फुटांवर एखाद्या बाईची आणि तिच्या मुलांची पुढची वर्षे अवलंबून असतात. तिथे ‘अंदाजे’ लिहून कसे चालेल?

पोलिसांकडे यासाठी वेळ आणि माणसे कुठे आहेत, असे कोणी म्हणेल. रास्त आहे. २८ जानेवारी २०२० रोजी आमच्या शेजारच्या देवळा तालुक्यात, मेशी फाट्याजवळ, एस.टी. बस आणि रिक्षा समोरासमोर धडकून दोन्ही वाहने रस्त्याकडेच्या विहिरीत गेली. वीसहून अधिक माणसे गेली. अशा वेळी विहिरीतून माणसे काढायची की डांबरावरचे पट्टे मोजायचे, हा प्रश्नच विचारू नये. पण प्रत्येक अपघात असा नसतो. बहुतेक वेळी वाहने हलवण्याआधी चाकांच्या जागी चुन्याने खुणा करायला पाच मिनिटे लागतात. छायाचित्र घेताना खुणेशेजारी एक मीटरची पट्टी ठेवायला एक मिनिट. पट्टीवाचून घेतलेल्या छायाचित्रावरून लांबी काढताना आमचीही दमछाक होईल. उरलेली मोजणी वाहतूक मोकळी झाल्यावर करता येते, मात्र त्याच दिवशी. चार-सहा दिवसांत वर्दळीने पट्टे पुसट होतात, आणि पाऊस आला तर विचारूच नका. चाके अडकू न देणाऱ्या नव्या ब्रेकांमुळे हल्ली कित्येक गाड्यांचे पट्टे आधीच फिके उमटतात. त्यासाठी गाडीतली नोंद काढून घ्यावी लागते.

कायद्यातही एक फट आहे. १ जुलै २०२४ पासून नवीन फौजदारी कायदे आले. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, अशी तरतूद त्यांत आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची शिक्षा पूर्वी दोन वर्षांपर्यंत होती, ती आता पाच वर्षांपर्यंत झाली. पाच म्हणजे सातहून कमी! तेव्हा रस्त्यावर माणूस मेला तरी तज्ज्ञाने येण्याची सक्ती नाही. ही सक्ती मृत्यूच्या प्रत्येक अपघाताला लागू करावी, आणि तोवर प्रत्येक तालुक्याच्या ठाण्यात दोघा-तिघा अंमलदारांना हे मोजमाप शिकवावे, असे माझे मत आहे. शिकवायला लांबून कोणी आणायला नको. जवळपास प्रत्येक तालुक्यात एखादे विज्ञान महाविद्यालय असते, तिथे भौतिकशास्त्राचा विभाग असतो, आणि एम.एस्सी. झालेली आमच्यासारखी माणसे तीच ती लंबकाची प्रात्यक्षिके वर्षानुवर्षे घेत असतात. ३० मीटरची टेप, चुन्याची पिशवी, ताणकाटा आणि काँक्रीट भरलेला टायरचा तुकडा. हे सामान जीपच्या मागच्या आसनाखाली सहज बसते.